ताटातलं आणि ताटाबाहेरचं : व्हीगन आहाराविषयी कोकणातल्या वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेली बरीच पत्रं एकाच विषयावरची आहेत. मांस, मासे, अंडी यांच्याबरोबर दूध, दही, तूप, मधही सोडायचा आणि शक्य तिथे कातडं-रेशीमही टाळायचं, हा व्हीगन विचार 1944 मध्ये इंग्लंडमध्ये नाव घेऊन उभा राहिला. आता तो रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांतही वादाचा विषय झाला आहे. पत्रांत पोषणाचे प्रश्न आहेत तसे पैशाचे आणि न्यायाचेही आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मी दुकानात कामाला आहे, पगार बेताचा. प्राण्यांचे हाल बघवत नाहीत म्हणून मासे, अंडी, दूध सोडायचं ठरवलंय. घरचे म्हणतात, हे मुंबईच्या श्रीमंतांचं खूळ, बदामाचं दूध आणि टोफू (सोयाबीनच्या दुधाचं पनीर) आपल्याला कुठे परवडणार? आई म्हणते, अशक्तपणा येईल. काय करू? (एक वाचक, गुहागर तालुका)

उत्तर : आईची काळजी रास्त आहे, तिच्याकडे लक्ष द्या. परवडणार नाही हे मात्र खरं नाही. बदामाचं दूध आणि टोफू यांच्यावाचून तुमचं काहीही अडणार नाही.

आधी प्रथिनांचा हिशेब करू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीत प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. जेवण मुख्यतः धान्य-कडधान्यावर असेल तर 1 ग्रॅम धरावं, कारण ही प्रथिनं दूध-अंड्यातल्यापेक्षा थोडी कमी पचतात. तुमचं वजन 50 किलो धरलं तर रोज 50 ग्रॅम हवीत. दिवसभरात 250 ग्रॅम तांदळातून साधारण 19 ग्रॅम मिळतात. 60 ग्रॅम नाचणीतून 4, कुळीथ-वाल-चवळी मिळून 80 ग्रॅम कडधान्यातून 18, मूठभर म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाण्यांतून 7 आणि ओलं खोबरं-भाज्यांतून 2-3. बेरीज 50 च्या आसपास जाते. यातली एकही वस्तू तुमच्या घराला नवी नाही. कमी पडतं ते कडधान्याचं माप. भाताचा डोंगर आणि वाटीभर कुळथाची पातळ पिठी, असं ताट असेल तर कुळीथ पीठ माणशी 10-12 ग्रॅमही पोटात जात नाही. माणशी 30 ग्रॅम पीठ, म्हणजे तीन मोठे चमचे शिगोशीग भरून घ्या. पीठ आधी गार पाण्यात कालवा आणि मगच फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडा. कोरडं पीठ वरून भुरभुरवलं की गुठळ्या होतातच.

अख्खे कुळीथ 10-12 तास भिजवा. पावसाळ्यात मोड आणताना दिवसातून दोनदा धुऊन पुन्हा बांधा. दमट हवेत न धुता ठेवलेले कुळीथ मोड यायच्या आत आंबूस होतात. उसळ शिजत नाही अशी तक्रार पुष्कळदा येते. त्याची कारणं दोन. कुळीथ दोन-तीन वर्षं साठवलेले असतात, किंवा आमसूल सुरुवातीलाच पडलेलं असतं. आंबटामुळे कडधान्याचं साल आणि गर मऊ व्हायला वेळ लागतो. म्हणून कुळीथ पूर्ण शिजल्यावरच आमसूल घाला.

दूध सुटलं की कॅल्शियमची अडचण येते. प्रौढांना रोज 1000 मिलिग्रॅम सांगितलं आहे. नाचणीत 100 ग्रॅममागे साधारण 350 मिलिग्रॅम असतं, कुळथात पावणेतीनशेच्या आसपास, शेवग्याच्या पाल्यात 300 च्या वर. सालासकट तिळाच्या एका मोठ्या चमच्यातून शंभरेक मिलिग्रॅम मिळतं. एक नाचणीची भाकरी, उसळ, तिळाची चटणी आणि आठवड्यातून तीन-चारदा शेवग्याचा पाला, एवढं ठेवलं तर बरीच मजल मारता येते. अळूवर भिस्त ठेवू नका. त्यातल्या ऑक्झलेट या क्षारामुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. जेवणात लिंबू, कैरी किंवा आवळा ठेवा आणि चहा जेवणानंतर तासाभराने घ्या. लोह शोषलं जाण्यात याने मोठा फरक पडतो.

आता पैसे. किलोचा भाव न बघता 10 ग्रॅम प्रथिनांना किती पडतात ते काढा. कुळीथ 120 रुपये किलो असतील तर किलोत 220 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे 10 ग्रॅमला साडेपाच रुपये. शेंगदाणे 140 रुपये किलो धरले तर सहाच्या आत. अंडं 7 रुपयांना असेल आणि त्यात 6 ग्रॅम असतील तर पावणेबारा. दूध 60 रुपये लिटर धरलं तर जवळजवळ एकोणीस. बदाम पेयाच्या खोक्यावर छापलेला प्रथिनांचा आकडा वाचा. 100 मिलिलिटरला 1 ग्रॅम आणि लिटरला 300 रुपये असतील तर 10 ग्रॅमला 300 रुपये होतात. तुमच्या बाजारातले भाव घालून हाच हिशेब करा. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की सुकटीत 100 ग्रॅममागे 60 ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. ती 400 रुपये किलोने मिळाली तरी 10 ग्रॅमला सात रुपयांच्या आतच पडते. गरिबाच्या घरात सुकट का असते, याचं उत्तर या आकड्यात आहे. ती खाणाऱ्याला अडाणी समजण्याचं काहीच कारण नाही.

पैशात स्वस्त असलेलं अन्न वेळेत महाग पडू शकतं. भिजवणं, मोड आणणं, पाला निवडणं, वाटण वाटणं हे काम घरातल्या बायकाच करतात. तुमच्या निर्णयाचा भार आईवर पडणार असेल तर तो आधी वाटून घ्या. तीन दिवसांचं कडधान्य एकदाच भिजवून मोड आणा आणि एकदाच कुकरला लावा. फ्रीज असेल तर तिसऱ्या दिवसापर्यंत टिकतं, नसेल तर रोजचं रोज शिजवण्याला पर्याय नाही. फ्रीज नसलेल्या घराला हाच आहार जास्त कष्टाचा पडतो. व्हीगन होण्याचे सल्ले देणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही.

प्रश्न : बी-12 या जीवनसत्त्वासाठी स्पिरुलिना (निळ्या-हिरव्या शेवाळाची भुकटी), समुद्रशेवाळ किंवा आंबवलेलं पीठ चालेल का? गोळ्या नैसर्गिक वाटत नाहीत. (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : नाही चालणार. या एका मुद्द्यावर आम्ही कसलीही सवलत देत नाही.

बी-12 जीवाणू तयार करतात. ते माशांत, तिसऱ्या-कालवं अशा शिंपल्यांत, अंड्यांत, दुधात साठतं. वनस्पतीत भरवशाचं असं नसतं. स्पिरुलिनात आढळतो त्यातला बहुतेक भाग बी-12 सारखा दिसणारा पण शरीराच्या उपयोगी न पडणारा रेणू असतो. आंबोळीच्या आंबवलेल्या पिठातही ते पुरेसं तयार होत नाही. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. यकृतातला साठा काही वर्षंही पुरतो, म्हणून पहिलं वर्ष-दीड वर्ष काहीच जाणवत नाही आणि माणूस बेफिकीर होतो. मग पायाला मुंग्या येतात, जीभ सोलल्यासारखी होते, चालताना तोल जातो. पालेभाज्या भरपूर खाणाऱ्याचा घोटाळा आणखी मोठा होतो. भाज्यांतल्या फोलेट या जीवनसत्त्वामुळे रक्तात पांडुरोग दिसून येत नाही, पण आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते आणि ती काही वेळा भरून निघत नाही.

सर्वसाधारण मात्रा अशी : रोज किमान 10 मायक्रोग्रॅम, किंवा आठवड्याला 2000 मायक्रोग्रॅम. म्हणजे 1000 ची सायनोकोबालामिनची (बी-12 चंच औषधातलं रूप) गोळी आठवड्यातून दोनदा. आकडे विसंगत वाटतील, पण मोठ्या मात्रेतला जेमतेम एक टक्का शोषला जातो, म्हणून तसं. कॅप्सूल घेऊ नका, तिचं कवच बहुधा जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या जिलेटिनचं असतं. साधी गोळी मागा. जेनेरिक औषधांच्या दुकानात ती स्वस्तात मिळते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-12 आणखी कमी शोषलं जातं, तेव्हा रक्त तपासून घ्या. रक्तातली पातळी 200 पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर घरगुती मात्रेवर विसंबू नका, डॉक्टर सांगतील ती इंजेक्शनं घ्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने एक दिवसही हयगय करू नये. आईच्या शरीरात नसेल तर तिच्या दुधात नसतं आणि बाळाचा मेंदू त्याच काळात वाढत असतो.

रेशनच्या तांदळाबद्दलही दोघांनी विचारलं आहे. फोर्टिफाइड तांदळात शंभराला एक या प्रमाणात पोषणद्रव्यं घातलेले दाणे मिसळतात. ते जरा वेगळे दिसतात, काही वेळा पाण्यावर तरंगतात, आणि प्लास्टिकचा तांदूळ म्हणून लोक निवडून फेकतात. तो तांदळाच्याच पिठाचा साच्यातून काढलेला दाणा असतो. त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 असतं. फेकू नका. पण त्याच्यावर विसंबूही नका. मानकाप्रमाणे 1 किलो तांदळात बी-12 फक्त 0.75 ते 1.25 मायक्रोग्रॅम असतं. पाव किलो भात खाल्ला तरी गरजेच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच मिळतं.

आयोडीनकडेही बघा. मासे सोडले आणि घरात मिठागराचं खडे मीठ असेल तर आयोडीन येण्याच्या दोन्ही वाटा बंद होतात. निव्वळ समुद्राचं म्हणून त्या मिठात पुरेसं आयोडीन नसतं. आयोडीनयुक्त मीठ घ्या, घट्ट झाकणाच्या बरणीत चुलीपासून लांब ठेवा. पाणी सुटलेल्या मिठातून आयोडीन निघून जातं.

प्रश्न : आमची घरगुती खानावळ आणि दोन खोल्या आहेत. पाहुणे व्हीगन जेवण मागतात. एकाने जेवल्यावर विचारलं, यात तूप होतं का? होतं. आता नेमकं काय करायचं? बाहेरून वेगळं दूध, चीज आणून ठेवू का? (एक वाचक, तारकर्ली)

उत्तर : काहीही बाहेरून आणू नका. काळ्या वाटाण्याचं सांबारं, आंबोळी, घावणे, ओल्या काजूगरांची उसळ, केळफूल, फणसाच्या कुयरीची भाजी, अळूचं फतफतं, सोलकढी, नारळाच्या गोड रसातले शिरवाळे, हळदीच्या पानातले पातोळे. हे सगळं मूळचंच बिनदुधाचं आहे. चूक होते ती शेवटच्या हातात. वरणावर तुपाची धार, मोदकावर तूप, तवा पुसायला तुपाचा बोळा, खोबऱ्याच्या वडीत खवा, आंबोळीच्या पिठात दह्याचा चमचा. आणि वांग्याच्या किंवा दुधीच्या भाजीत चवीला म्हणून टाकलेला मूठभर जवळा. पाहुण्यांसाठी एक पळी, एक कढई, एक तवा वेगळा ठेवा आणि माशाच्या तेलात दुसरं काही तळू नका. एवढ्याने काम होतं.

नारळाचं दूध फुटतं अशी तक्रारही तुम्ही लिहिली आहे. एका नारळाचा चव एक कप कोमट पाण्यात वाटून पिळा, तो पहिला दाट रस बाजूला ठेवा. त्याच चोथ्याचा दुसरा-तिसरा पातळ रस काढा. भाजी पातळ रसात शिजवा. दाट रस अगदी शेवटी, आच मंद करून घाला आणि कडेला बुडबुडे दिसताच उतरवा. खळखळून उकळलं किंवा आमसूल त्याच वेळी पडलं तर तेल वेगळं होतं. सोलकढीला 8-10 आमसुलं कपभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कोळा, गाळून नारळाच्या रसात मिसळा. तिला आच दाखवायचीच नाही. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) वापरलं तर त्यात आधीच मीठ असतं, चव घेतल्याशिवाय मीठ घालू नका.

चहाला नारळाचं दूध चालत नाही, वर तवंग येतो. शेंगदाण्याचं करा. 100 ग्रॅम कच्चे दाणे 6-8 तास भिजवून सालं काढा, 600 मिलिलिटर पाण्यात अगदी बारीक वाटा, फडक्यातून गाळा, ढवळत 10 मिनिटं उकळा. चहा आलं घालून उकळून आधी उतरवा आणि मग हे गरम दूध घाला. दूध आलं घातलेल्या चहात उकळलं तर नासतं. फ्रीजमध्ये एक दिवस टिकतं. चोथा थालीपिठात जातो. बुरशी धरलेले, सुरकुतलेले, कडवट दाणे मात्र एकही घेऊ नका. पावसाळ्यात आपल्याकडे हे हमखास होतं, आणि त्या बुरशीचं विष उकळून जात नाही.

या जेवणाचा दर नेहमीच्या शाकाहारी थाळीइतकाच ठेवा असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे. त्यात महाग काही नाही.

प्रश्न : मी रत्नागिरीत अर्थशास्त्र शिकतो. मित्र म्हणतो, आपण काय विकत घेतो यानेच बाजार बदलतो, प्रत्येक रुपया म्हणजे एक मत. मला वाटतं भांडवलशाहीत कुठलीच खरेदी निर्मळ नसते, मग व्हीगन होऊन उपयोग काय? कोण बरोबर?

उत्तर : रुपया हे मत असेल तर ज्याच्याकडे जास्त रुपये त्याला जास्त मतं. कातकरी वाडीतल्या कुटुंबाला त्या निवडणुकीत जवळजवळ मतदानच नाही. म्हणून तुमच्या मित्राचं म्हणणं आम्हाला पटत नाही. पण तुमचा निष्कर्षही पटत नाही. सगळंच डागाळलेलं आहे म्हणून काहीही चालेल, असं म्हटलं की ज्याच्यावर डाग पडतो त्याचा विसर पडतो. डाग कुठे पडतो ते शोधावं लागतं.

काजू घ्या. व्हीगन पाककृतींत दुधा-चीजऐवजी सर्रास काजू सांगतात. काजूच्या बियेच्या टरफलात दाहक तेल असतं, कातडी भाजून काढणारं. कारखान्यांत बी वाफवून, पायाने-हाताने चालवायच्या कटरवर फोडतात. हे काम बहुतेक बायका करतात. मजुरी ठिकठिकाणी निघालेल्या गराच्या किलोवर असते. हातमोजे घातले की बोटं मंदावतात, गराचे तुकडे होतात आणि तुकड्याला भाव कमी. म्हणजे हात जपला तर मजुरी बुडते. तेल, राख लावून काम चालतं. देशात प्रक्रिया होणाऱ्या कच्च्या काजूचा मोठा हिस्सा आफ्रिकेतून येतो, त्यामुळे इथल्या बागायतदाराला मिळणारा बीचा भावही त्या आयातीशी बांधलेला असतो. काजूचं चीज खाणाऱ्याने गाय सोडली हे खरं, पण मजुरीचा हा हिशेब त्याच्या वेष्टनावर कुठेच लिहिलेला नसतो. वेष्टनावर व्हीगन चिन्ह असतं. त्यासाठी 2022 मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नियमही केले. ते चिन्ह प्राणिजन्य घटक नाहीत एवढंच सांगतं, मजुरीविषयी काही सांगत नाही.

उलट बाजूनेही बघा. बांगडा सोडला आणि ब्रॉयलर कोंबडी ठेवली, असं करणारे पुष्कळ आहेत. कोंबडीच्या आणि शेततळ्यातल्या कोळंबीच्या खाद्यात फिशमील, म्हणजे सुकवलेल्या मासळीची भुकटी, असतं. एक किलो फिशमीलला साधारण चार-पाच किलो ताजी मासळी लागते, आणि त्यात तारलीसारखी मासळी जाते, जी गरिबाच्या ताटातली सगळ्यात स्वस्त मासळी. त्या कोळंबीचा मोठा भाग गोठवून परदेशी जातो. म्हणजे कोकणातल्या बाईला तारली महाग मिळण्याचं एक कारण दूरच्या शहरातल्या ताटात असतं. तिने स्वतः काय विकत घेतलं याने ती साखळी हलत नाही.

मग हलते कशाने? सरकार आणि मोठे खरेदीदार काय उचलतात, कशाला अनुदान देतात, कशाला परवाना देतात, याने. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 चा. त्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य. कायद्यात डाळ नाही, तेल नाही. महाराष्ट्रात 2022 च्या दिवाळीत 100 रुपयांच्या शिध्यात चणाडाळ आणि तेल आलं, पण सणापुरतं. तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश रेशनवर सवलतीत डाळी देतात. आपल्याकडे कुळीथ, चवळी, वाल रेशनवर आले तर दोन गोष्टी एकदम होतील. घराला जनावराविना प्रथिनं परवडतील आणि भात कापल्यावर त्याच शेतात कुळीथ पेरणाऱ्याला हमखास गिऱ्हाईक मिळेल. हजार माणसांनी बदामाचं दूध घेण्यापेक्षा हे प्राण्यांसाठीही मोठं काम आहे. ग्रामसभेत तसा ठराव मांडा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखा धरून विषय आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) लेखी द्या आणि पोच घ्या. रेशन दुकानाच्या दक्षता समितीवर कोण आहे ते विचारा. ती समिती याच कायद्यात आहे, पण पुष्कळ गावांत तिची नावंही लोकांना माहीत नसतात.

तुमचं स्वतःचं ताट बदलायला आमची हरकत नाही, आम्ही ते चांगलंच मानतो. दुसऱ्या जिवाला त्रास न देता जगता येत असेल तर तसं जगावं, याला अर्थशास्त्राचा दाखला लागत नाही. फक्त त्याला राजकारणाचा पर्याय समजू नका.

प्रश्न : आम्ही मासे विकून घर चालवतो. तुम्ही लोकं मासे सोडा म्हणता. आमच्या पोटाचं काय? (एक मासेविक्रेत्या ताई, हर्णै)

उत्तर : ताई, तुमच्या टोपलीतला मासा सोडवण्यासाठी तुमचं पोट मारावं असं आम्ही म्हणत नाही आणि कुणी म्हटलं तर त्याच्या बाजूला उभं राहणार नाही. माशाला जीव आहे, वेदना आहेत, हे आम्ही मानतो. ते तुमच्यापासून लपवायचं नाही. पण समुद्र रिकामा करण्यात किनाऱ्यावरून हाताने ओढून आणलेली रापण आणि मासळीचा अख्खा थवा वेढून उचलणारं पर्ससीनचं जाळं यांना एकाच मापाने मोजणं अन्यायाचं आहे.

आज माशाच्या आणि तुमच्या, दोघांच्या भल्याचे काही नियम कागदावर आहेत. 1 जून ते 31 जुलै बंदी, एलईडी दिव्यांच्या मासेमारीला 2017 पासून केंद्राची मनाई, राज्याच्या 1981 च्या कायद्यात 2021 मध्ये वाढवलेले दंड, आणि 50 हून अधिक जातींच्या पिल्लांच्या पकडीवर 2023 मध्ये घातलेली किमान लांबीची मर्यादा. हे पाळले गेले तर समुद्रात मासा उरतो आणि लहान होडीवाल्यालाही मिळतो. प्राण्यांविषयी कळवळा असलेल्या शहरातल्या माणसाने तुमच्या टोपलीसमोर फलक धरण्याऐवजी या नियमांच्या अंमलबजावणीसाठी तुमच्या सोसायटीबरोबर मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात यावं. आमच्या वाचकांना आम्ही तेच सांगतो.

बंदीच्या दोन महिन्यांत दुसरं काही विकता येईल का, असंही तुम्ही विचारलं आहे. आमसूल मे संपेपर्यंत वाळवून झालं तर पावसात विकता येतं. नीट न वाळलेल्या आमसुलाला जूनमध्ये पांढरी बुरशी येते. कोकमाच्या साली त्याच फळांच्या रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात घालाव्या लागतात. घाईत एक-दोन पुटं कमी झाली की रंगही फिका आणि टिकाऊपणाही कमी. मिठाचं आमसूल वेगळं ठेवा, ते ओल धरतं.

प्रश्न : चामड्याच्या चपला सोडून रेक्झिन घेतल्या. पावसात दोन महिन्यांत सोलल्या. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेलं प्लास्टिक. दमट हवेत त्याचा थर सुटतो. पावसाळ्याला सरळ एकसंध ओतीव रबरी चपला घ्या. जुन्या चामड्याच्या चपला घरात असतील तर फेकू नका, शिवून वापरा. टाकल्याने कुणाचा जीव परत येत नाही, आणि शिवल्याने चांभाराला काम मिळतं.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. स्वतः व्हीगन आहे. शालेय पोषण आहारात अंडं द्यावं की नाही, यावर शाळा व्यवस्थापन समितीत वाद आहे. माझं मत काय असावं? (एक शिक्षिका, माणगाव)

उत्तर : अंड्याच्या बाजूने, जोवर त्याच्या तोडीचं दुसरं काही त्या मुलाच्या ताटात येत नाही तोवर.

पहिली ते पाचवीच्या मुलाला योजनेत रोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आहे. उद्दिष्ट 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनांचं. राज्याने नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्यातून एकदा अंडं आणि न खाणाऱ्याला केळं अशी तरतूद केली. जानेवारी 2025 मध्ये अंड्यासाठीचे वेगळे पैसे थांबवून ते लोकवर्गणीवर सोडलं. गरीब वाडीतल्या शाळेला वर्गणी कोण देणार? ज्यांच्या घरी अंडं येत नाही त्यांच्याच शाळेत ते बंद होतं. अंड्याला विरोध करणारे बहुतेकदा प्राण्यांसाठी बोलत नसतात, शुद्ध-अशुद्धाचं जुनं माप लावत असतात. त्याच पंगतीत दूध आणि तूप त्यांना चालतं. तुमच्या करुणेला त्या सोबतीला जाऊ देऊ नका.

केळं हा अंड्याचा पर्याय नव्हे, त्यात जेमतेम 1 ग्रॅम प्रथिनं. 25 ग्रॅम शेंगदाण्यांचा लाडू अंड्याइतकी 6 ग्रॅम प्रथिनं देतो, पण बी-12 देत नाही. तेव्हा समितीत मागणी अशी मांडा : अंडं राहू द्या, न खाणाऱ्या मुलाला केळ्याऐवजी शेंगदाणा-तीळ-गुळाचा लाडू द्या, डाळ 20 वरून 30 ग्रॅम करा आणि त्यात आठवड्यातून दोनदा कुळीथ किंवा चवळी घ्या. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. मतदानाआधी त्या आयांना बोलावून ताटातलं माप वजनकाट्यावर मोजून दाखवा. 20 ग्रॅम डाळ तळहातावर किती दिसते ते पाहिलं की वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. ठराव झाला की त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि आवक क्रमांक लिहून घ्या.